डीप ब्रेन स्टिम्युलेशनचे बोधनिक परिणाम

कंपवातावर मेंदूत खोलवर विद्युताग्रे बसवून केलेल्या उपचाराचे भाषा, लक्ष आणि निर्णयक्षमता यांवर होणारे परिणाम. छातीच्या कातडीखाली बसवलेल्या यंत्रातून सेकंदाला साधारण १३० स्पंदने बहुधा सबथॅलॅमिक केंद्रकात, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात, सोडली जातात. या केंद्रकाचे उद्दीपन १९९३ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे मेंदूशल्यविशारद अलीम लुई बेनाबिद यांच्या गटाने सुरू केले. थरथर, ताठरपणा कमी होतो, गोळ्याही कमी होतात. पण जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या या केंद्रकात हालचालींच्या शेजारीच विचार आणि भावना यांचे भाग असतात, आणि तिथवरही वीज पोचते.

बहुतेकांची एकूण बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत राहते. हमखास घटतो तो शब्दओघ. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला सांगितले की गाय, म्हैस, शेळी, कुत्रा येतात आणि पुढे गाडी अडते. नावे विसरलेली नसतात, वेळेवर हाती लागत नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन यादृच्छिक चाचणीत (कोणावर कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून) शस्त्रक्रिया झालेल्यांचा शब्दओघ सहा महिन्यांत घटला. एकूण बोधनक्षमतेत मात्र मोठी घसरण दिसली नाही. दोष विजेचा की सुईचा, हा वाद अजून मिटलेला नाही. यंत्र बंद केल्यावरही घट उरते, यावरून काही अंशी तरी विद्युताग्र आत घालतानाच्या इजेवर संशय जातो. वाटेत पुच्छ केंद्रक हा मेंदूतला दुसरा भाग छेदला गेल्यास धोका वाढतो.

दुसरा परिणाम घाईचा. दोन जवळपास सारखेच चांगले पर्याय समोर असले की निरोगी माणूस क्षणभर थबकतो. २००७ च्या एका प्रयोगात उद्दीपन चालू असलेले रुग्ण अशा पेचात उलट लवकर निर्णय घेत. हे केंद्रक ब्रेकचे काम करते, असा त्याचा अर्थ लावला जातो. काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर औदासीन्यही येते; त्याचे कारण मात्र पुष्कळदा गोळ्यांतील कपातीत सापडते.

स्मृतिभ्रंश असलेल्यांवर ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. त्यासाठी आधी बोधनिक चाचण्या घेतात. त्यातली अक्षरावरून शब्द सांगण्याची इंग्रजी चाचणी मराठीत आणताना बाराखडी आडवी येते: ‘क’ दिल्यावर ‘काका’, ‘किल्ला’ धरायचे की नाहीत, हे आधीच ठरवले नाही तर आधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलनाच होत नाही.