चहाचा नकाशा आणि मॅक्स गिल

'टी रिव्हाइव्ह्ज द वर्ल्ड', म्हणजे चहाने जगाला तरतरी येते, हा चित्रमय जागतिक नकाशा पाहिला की कुणा जुन्या दर्यावर्दीच्या पेटाऱ्यातून निघाला असावा असे वाटते. आहे मात्र १९४० सालचा, आणि आहे चक्क जाहिरात.

तो काढला लेस्ली मॅकडोनाल्ड ऊर्फ मॅक्स गिल याने. जन्म १८८४, ब्रायटन. 'गिल सॅन्स' हा छपाईचा टाइप (फाँट) घडवणारा एरिक गिल त्याचा थोरला भाऊ.

मॅक्सचे नाव झाले १९१४ मध्ये. लंडनच्या भुयारी रेल्वेतील फ्रँक पिक यांनी स्थानकांवर लावण्यासाठी त्याच्याकडून शहराचा नकाशा करून घेतला. थाट जुन्या नकाशांचा आणि कोपऱ्याकोपऱ्यात थट्टा. पूर्वेच्या कडेला दिशा दाखवली आहे ती हार्विच (इंग्लंडचेच एक बंदर), रशिया 'आणि इतर खेड्यां'ची! प्राणिसंग्रहालयात एक अवाढव्य पक्षी गजांमधून एका पोराला गिळतो आहे आणि पोराला चिंता कसली, तर पाच वाजता चहाला घरी येतो असे आईला कबूल केले होते. हा 'वंडरग्राउंड' नकाशा इतका आवडला, की तो छापून विकायला काढावा लागला.

लोकांना भिंतीपाशी थांबवणारी ही हातोटी मग साम्राज्याच्या बाजारपेठेलाही हवीशी वाटली. १९२७ मध्ये साम्राज्यातील मालाची जाहिरात करणाऱ्या एम्पायर मार्केटिंग बोर्डासाठी त्याने 'हायवेज ऑफ एम्पायर' काढला. त्यात ब्रिटन मधोमध, आणि पोस्टर तब्बल २० फूट रुंद. याच बोर्डात काम केलेले जर्व्हास हक्सली पुढे १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय चहा प्रसार मंडळाकडे आले. चहाच्या नकाशामागे हेच मंडळ होते. त्याचा पैसा चहा पिकवणाऱ्या देशांतल्या निर्यातीवरील उपकरातून येई. भारतात असा उपकर १९०३ च्या कायद्यानेच लागू झाला होता. थोडक्यात, नकाशाच्या खर्चात आसाम-दार्जिलिंगचाही वाटा. नकाशाच्या देखणेपणाचे कौतुक करताना हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

वेळही मोठी गमतीची. नकाशा निघाला त्याच वर्षी, १९४० च्या जुलैत, युद्धामुळे ब्रिटनमध्ये चहावर रेशन आले: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५६ ग्रॅम.

गिलच्या नकाशांत चित्रांइतकीच अक्षरेही बोलतात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या थडग्यांसाठी प्रमाण अक्षरवळण ठरवायचे होते, तेव्हा ते काम त्याच्याकडेच आले. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत पांढऱ्या शिळांवर नावे कोरली आहेत ती याच वळणाची. तिथे मात्र थट्टा नाही.