फवारणीचं विष, धोतरा आणि आपसूक चालणारं शरीर

कपाशी गुडघ्याच्या वर गेली की खानदेशात फवारणीची घाई सुरू होते. पाठीवर पंप, जमलं तर तोंडाला रुमाल आणि श्रावण-भाद्रपदातला दमट उकाडा. औषध मारता मारता चक्कर आली म्हणून कुणाला दवाखान्यात आणतात, तेव्हा अंग घामानं निथळत असतं. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर; बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, नाडी मंद, कपडे भरलेले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा डॉक्टर बहुतेकदा एवढ्यावरूनच ओळखतात.

या लक्षणांतलं एकही माणसाच्या इच्छेवर चालत नाही. ठोके, रक्तदाब, पचन, घाम, बाहुलीचा आकार ही कामं स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता पार पाडते. तिचे मुख्य भाग दोन. अनुकंपी भाग धोक्याच्या वेळी ठोके वाढवतो, बाहुल्या मोठ्या करतो, आतड्यांचं काम थांबवतो. परानुकंपी भाग ठोके उतरवतो, लाळ सोडतो, पचन चालू ठेवतो. दोघांचा कमी-जास्त जोर सतत चालू असतो आणि त्यातून शरीराचा समतोल राहतो. फवारणीच्या विषानं परानुकंपी बाजू बेलगाम होते.

ही यंत्रणा उलगडली ती चिरफाडीपेक्षा विषांमुळे जास्त, असं माझं मत आहे. चाकूचा वाटा होताच. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला विजेचे झटके दिले, तर हृदय थांबलं. मज्जातंतू अवयवाला आवरूही शकतो, ही तेव्हा अजब गोष्ट होती. काही वर्षांनी क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी मज्जातंतू कापला आणि त्या बाजूचा कान लाल व गरम झाला. रक्तवाहिन्याही मज्जातंतूंच्या ताब्यात आहेत हे त्यातून दिसलं.

पुढची वाट विषांनी दाखवली. १८६९ मध्ये श्मीडेबर्ग यांना आढळलं की एका विषारी अळंबीतलं मस्करीन व्हेगससारखंच हृदय मंदावतं आणि ॲट्रोपिन हे वनस्पतींतलं विष तो परिणाम पुसून टाकतं. केंब्रिजमध्ये जॉन लँग्ली यांनी तर तंबाखूतलं निकोटिन थेट मज्जातंतूंच्या गाठींवर लावलं. संदेश कुठे अडतो ते पाहत त्यांनी या जाळ्याचा नकाशा काढला, १८९८ मध्ये त्याला 'स्वायत्त' म्हटलं आणि १९०५ मध्ये परानुकंपी भाग वेगळा मांडला. वॉल्टर कॅनन यांचं 'लढा किंवा पळा' हे धोक्याच्या वेळच्या अनुकंपी भागाचं वर्णन त्यानंतरचं, १९१५च्या सुमाराचं. ते इतकं गाजलं की या संस्थेचं काम तेवढंच, असं पुष्कळांना वाटतं. परानुकंपी बाजूवर त्यात जरा अन्यायच झाला.

मज्जातंतू अवयवाशी बोलतो कसा, याचं उत्तर १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी दिलं. त्यांनी एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवला आणि त्या हृदयातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. म्हणजे निरोप नेणारं एक रसायन होतं. ते ॲसिटिलकोलिन. हेन्री डेल यांनी त्याचे गुणधर्म १९१४ मध्येच तपासले होते. १९३४ मध्ये डेल आणि फेल्डबर्ग यांनी मांजराच्या पंजावर आणखी एक कोडं सोडवलं: घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू अनुकंपी असले तरी त्यांचा निरोप्या ॲसिटिलकोलिनच आहे. फवारणारा माणूस घामानं का भिजतो, ते यातून कळतं.

१९३६च्या डिसेंबरात डेल आणि लोवी यांना नोबेल मिळालं. त्याच महिन्यात जर्मनीत कीटकनाशक शोधणाऱ्या गेऱ्हार्ड श्राडर यांच्या हाती टाबुन हे ऑर्गॅनोफॉस्फेट रसायन लागलं, इतकं जहाल की ते लष्कराकडे गेलं. वापर झालेलं ॲसिटिलकोलिन मोडून टाकणारं एन्झाइम ही रसायनं निकामी करतात, त्यामुळे निरोप थांबतच नाही. शेतात आलेली मोनोक्रोटोफॉससारखी औषधं याच कुळातली.

उताराही जुन्याच ओळखीतला. ॲट्रोपिन बेलाडोना आणि धोतऱ्याच्या कुळात सापडतं. महादेवाला वाहिला जाणारा धोतरा पोटात गेला तर अगदी उलटं चित्र दिसतं: तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं, माणूस बरळतो. पण म्हणून कुणी उतारा समजून धोतऱ्याचा काढा पाजू नये. झाडागणिक विषाचं प्रमाण बदलतं.

वॉर्डात ॲट्रोपिनची सुरुवात एक ते तीन मिलिग्रॅमनं होते. गुण आला नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. छाती मोकळी होईपर्यंत आणि नाडी ८०च्या वर जाईपर्यंत. आपल्याकडची ॲम्प्यूल बहुधा ०.६ मिलिग्रॅमची, त्यामुळे ट्रेमध्ये रिकाम्या काचांचा ढीग साचतो. मात्रा जास्त झाली तर घाम बंद होतो आणि ताप चढतो, म्हणून सिस्टर काखेला हात लावून पाहतात.

श्वासाच्या स्नायूंपुढे मात्र ॲट्रोपिनचा इलाज चालत नाही. त्यांनाही ॲसिटिलकोलिनच हलवतं, पण ते स्वायत्त संस्थेत मोडत नाहीत आणि तिथली निरोप घेणारी कुलपं (रिसेप्टर) वेगळी असतात. छाती कोरडी झाल्यावरही काही रुग्णांचे स्नायू एक ते चार दिवसांत ढिले पडतात. मग तालुक्याहून जळगाव किंवा धुळ्याला, व्हेंटिलेटर असेल तिथे हलवावं लागतं.