आश्रयार्थी तरुणांचे उच्च शिक्षण

आश्रयार्थी तरुणांचे उच्च शिक्षण : छळाच्या भीतीने मायदेश सोडून परक्या देशात संरक्षण मागितलेल्या, परंतु ज्यांच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही अशा तरुणांना विद्यापीठात प्रवेश, शुल्कात सवलत व निर्वाहाची सोय मिळवून देण्याचे कार्य. अर्ज मंजूर झाल्यावर आश्रयार्थी निर्वासित ठरतो आणि त्याचे हक्क पुष्कळच वाढतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः निकालापूर्वीच्या काळाचा व इंग्लंडमधील परिस्थितीचा विचार केला आहे. स्कॉटलंडमध्ये शिक्षणाचा कारभार स्वतंत्र असल्यामुळे तेथील नियम वेगळे आहेत.

या कार्याचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. एक परंपरा १९२० पर्यंत मागे नेता येते. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नातील विद्यार्थ्यांची उपासमार पाहून जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाने यूरोपीय विद्यार्थ्यांसाठी मदतकार्य उभारले. त्यातूनच पुढे इंटरनॅशनल स्टुडंट सर्व्हिस आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस या संघटना आकारास आल्या. कॅनडातील शाखेने १९७८ मध्ये सुरू केलेली, निर्वासित विद्यार्थ्याला पुनर्वसन व विद्यापीठप्रवेश एकत्रच देणारी योजना याच शाखाविस्तारातील होय. दुसरे मत १९३३ हे वर्ष महत्त्वाचे मानते. त्या वर्षी अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल स्थापन झाले. मात्र नाझी राजवटीने पदच्युत केलेल्या प्राध्यापक-संशोधकांना आसरा देणे हा त्याचा हेतू होता; शिक्षण अर्धवट राहिलेल्या तरुणांचा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. कायद्याचे अभ्यासक १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील कलम २२ पासून सुरुवात करतात. प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना नागरिकांच्या बरोबरीने वागवावे, त्यापुढील शिक्षणात इतर परदेशीयांपेक्षा कमी अनुकूल वागणूक देऊ नये, असे हे कलम सांगते. परदेशी पदव्यांची मान्यता, शुल्कमाफी व शिष्यवृत्त्या यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. या कलमाचा लाभ अर्ज प्रलंबित असलेल्यांना कितपत मिळतो, हे वादग्रस्त आहे.

मदतीची परंपरा म्हणून १९२० हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. तथापि ब्रिटनमधला आजचा प्रश्न १९६७ पूर्वी या स्वरूपात उद्भवणेच शक्य नव्हते. तोवर स्थानिक व परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क सारखेच असे. १९६७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी २५० पौंडांचे वेगळे शुल्क ठरले, आणि १९८० पासून त्यांच्याकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण आले. साहजिकच ‘स्थानिक’ कोणाला म्हणावे, हा कज्जाचा विषय झाला. शाह विरुद्ध बार्नेट या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (त्या वेळचे देशातील अखेरचे अपीलन्यायालय) डिसेंबर १९८२ मध्ये ‘सर्वसाधारण वास्तव्या’ची व्याख्या केली : स्वेच्छेने व स्थिर हेतूने स्वीकारलेले, तूर्त नित्याच्या जीवनक्रमाचा भाग झालेले राहणे. शिक्षणासाठी केलेले वास्तव्यही त्यात बसत असल्यामुळे सरकारने लगेच नियम बदलले आणि केवळ शिक्षणासाठी केलेले वास्तव्य वगळले.

१९८३ च्या शुल्कविषयक कायद्याचा एक बारकावा येथे ध्यानात घेतला पाहिजे. स्थानिक ठरणाऱ्यांच्या विहित यादीत न बसणाऱ्यांकडून जादा शुल्क घेण्याची मुभा तो विद्यापीठांना देतो. सक्ती करीत नाही. आश्रयार्थी या यादीत येत नाहीत, म्हणून त्यांना परदेशी विद्यार्थी मानले जाते. परंतु एखाद्या विद्यापीठाने त्यांना स्थानिक शुल्क लावायचे ठरवले, तर कायदा आड येत नाही. पुढील सर्व चळवळ या एका मुभेवर उभी आहे.

सरकारी शिक्षणकर्जाबाबत अशी मुभा नाही. २०१५ च्या टिगेरे खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी, कर्जासाठी कायम वास्तव्याची परवानगी असलीच पाहिजे या अटीविरुद्ध निर्णय दिला. त्यातील विद्यार्थिनी सहा वर्षांची असताना, २००१ मध्ये झांबियातून आली होती व तिचे शालेय शिक्षण इंग्लंडमध्येच झाले होते. त्यानंतर २०१६ मध्ये दीर्घ वास्तव्याचा निकष आला : अठरा वर्षांखालील व्यक्तीस सात वर्षांचे, त्यावरील व्यक्तीस निम्मे आयुष्य किंवा वीस वर्षे. शिवाय तीन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची अट कायम राहिली. त्यामुळे निकालाची वाट पाहत असलेल्या आश्रयार्थींना त्याचा थेट लाभ झाला नाही.

स्टुडंट ॲक्शन फॉर रेफ्युजीज ही विद्यार्थी संघटना १९९४ मध्ये नॉटिंगहॅम येथे सुरू झाली. समान शुल्क व शिष्यवृत्ती यांसाठी तिने विद्यापीठांपुढे सातत्याने मागणी मांडली. साधारणतः २०१० च्या आगेमागे हेलेना केनेडी फाउंडेशनचा ‘आर्टिकल २६’ हा प्रकल्प विद्यापीठांशी थेट वाटाघाटी करू लागला. त्याचे नाव मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील शिक्षणविषयक कलमावरून घेतलेले आहे. शेफील्ड येथे २००५ मध्ये उगम पावलेल्या, आश्रयार्थींचे स्वागत करणाऱ्या ‘सिटी ऑफ सँक्च्युअरी’ चळवळीने पुढे विद्यापीठांनाही आपल्यात सामावून घेतले. अशा विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांत सामान्यतः शुल्कमाफी व वार्षिक निर्वाहरक्कम असते. जागा थोड्या व अर्ज पुष्कळ, अशी स्थिती आहे.

शुल्क माफ झाले तरी अडचणी संपत नाहीत. नोकरी करण्यास सहसा परवानगी नसते. २०२४ मध्ये सरकारी निर्वाहभत्ता आठवड्याला ४९.१८ पौंड होता. शिष्यवृत्तीची रोख रक्कम उत्पन्न धरली गेल्यास हा भत्ताही धोक्यात येतो. म्हणून जाणती विद्यापीठे प्रवासाचा पास, संगणक, पुस्तके अशा वस्तुरूपाने मदत देतात, आणि ते योग्यच आहे. सरकारी निवासाची जागा अर्जदाराला निवडता येत नाही. अभ्यासक्रमाच्या मध्येच दुसऱ्या गावी हलवले गेले, तर वर्ष वाया जाते. २०१८ मध्ये परदेशीयांना ताब्यात न ठेवता अटींवर मोकळे राहू देण्याच्या, म्हणजे जामिनाच्या, नव्या पद्धतीत काहींवर शिकण्यास बंदीची अटही घातली गेली होती; त्याच वर्षी मार्गदर्शक सूचना बदलण्यात आल्या. पालकांविना आलेल्या मुलांची स्थिती सर्वांत नाजूक असते. देशात राहण्याची त्यांची तात्पुरती परवानगी बहुधा साडेसतरा वर्षांपर्यंतच असते, म्हणजे विद्यापीठाचा अर्ज भरण्याच्या ऐन काळात ती संपते.

हरवलेल्या गुणपत्रिकांचा प्रश्न यूरोपभर आहे. लिस्बन मान्यता कराराने (१९९७) कागदपत्रे नसलेल्या निर्वासितांच्या अर्हता तपासण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकली. यूरोप परिषदेने २०१७ पासून मुलाखतीवर आधारित अर्हता-पारपत्र (शिक्षणाची पडताळणी करून दिलेला दाखला) देण्याचा प्रयोग केला. जर्मन सरकारच्या साहाय्याने १९९२ मध्ये सुरू झालेली अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नावाची शिष्यवृत्ती मुख्यतः प्रथम आश्रय देणाऱ्या देशांतील निर्वासितांसाठी आहे. २०१९ मध्ये जगातील निर्वासित तरुणांपैकी सुमारे ३ टक्केच उच्च शिक्षणात होते. २०३० पर्यंत हे प्रमाण १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने ठेवले आहे.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. परदेशी प्रमाणपत्रांची समकक्षता येथे २०२५ पर्यंत मुख्यतः भारतीय विद्यापीठ संघ ठरवत असे. पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी प्रामुख्याने विद्यार्थी-व्हिसावर आलेले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील सत्तांतरानंतर त्यांच्यापैकी अनेकांपुढे व्हिसाची मुदतवाढ व घरून येणाऱ्या पैशांचा प्रश्न उभा राहिला.