प्लास्टिकला पाणी लागत नाही, मग दाणे वाळवायचे कशाला?

कोकणातल्या पाइप कारखान्यांत हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. अर्धाच खरा. पॉलिथिलीनचा दाणा पाणी जवळजवळ शोषत नाही, पण काळ्या पाइपात घालतात तो कार्बन ब्लॅकचा मास्टरबॅच (काजळीसारखी काळी पूड दाट मिसळलेले प्लास्टिकचे दाणे) हवेतला ओलावा ओढतो. पाइपात कार्बन साधारण 2 ते 2.5 टक्के लागतो. म्हणजे 40 टक्के कार्बन असलेला मास्टरबॅच 100 किलोमागे सहा किलो. पावसाळ्यात उघड्या गोणीतले हे सहा किलोच घात करतात.

दाणे वितळवणाऱ्या यंत्राच्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, 200 अंशांच्या आसपास पाण्याची वाफ होते, पण दाबाखाली ती वितळलेल्या मालातच कोंडून राहते. पाइपाला आकार देणाऱ्या डायमधून बाहेर येताच दाब सुटतो आणि ती फुगते. पाइप आडवा कापून पाहा: भिंतीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आतून खरखरीत पृष्ठभाग. अशा वेळी तापमान वाढवू नका, फुगे वाढतात! हॉपर ड्रायरमध्ये (दाण्यांतून गरम हवा सोडणाऱ्या टाकीत) 80 अंशांवर दोनेक तास माल वाळवा, गोणीचं तोंड लगेच बांधा.

मासेमारीच्या जाळ्यांच्या नायलॉनची गोष्ट वेगळी. तो स्वतःच पाणी पितो, वितळताना त्याच्या साखळ्या तुटतात, धागा कमजोर निघतो. त्याला कोरड्या हवेचा डीह्युमिडिफायिंग ड्रायरच हवा. आषाढातली दमट हवा नुसती तापवून भागत नाही.