ट्रम्पेटवादन, बडोद्यातील

बडोदा संस्थानच्या बँडमधून रुजलेले पितळी सुषिर वाद्याचे वादन व त्याचे शिक्षण. तुतारी आणि ट्रम्पेट यांचे तत्त्व एकच : ओठांच्या कंपाने नळीतील हवा नादते. तुतारीत स्वरांची ठरावीक साखळीच मिळते. ट्रम्पेटला व्हॉल्व्हमुळे (दाबल्यावर नळीची लांबी वाढवणाऱ्या झडपांमुळे) बाराही स्वर मिळतात. व्हॉल्व्हच्या जनकत्वाबद्दल वाद आहे. १८१८ चे प्रशियातील पेटंट श्टोल्झेल व ब्लूमेल या दोघांच्या नावे आहे. ब्लूमेलने आपली कल्पना आधीची असल्याचे म्हटले, तरी श्टोल्झेलची रचना १८१४ च्या सुमारास तयार असावी. म्हणून अग्रमान त्याला देणे अधिक सयुक्तिक. आजच्या वाद्यात पहिला व्हॉल्व्ह एका पूर्ण स्वराने, दुसरा अर्ध्याने व तिसरा दीड स्वराने नाद उतरवतो. बी-फ्लॅट ट्रम्पेटसाठी लिहिलेली पांढरी एक (सी) प्रत्यक्षात काळी पाच (बी-फ्लॅट) वाजते. पेटीवर कान तयार झालेला विद्यार्थी इथेच गोंधळतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) व्हॉल्व्ह अर्धवट दाबून व ओठ सैल करून काढतात. जॅझमधील घसरते स्वरही असेच निघतात.

सयाजीराव तिसरे (कार. १८७५–१९३९) यांच्या आश्रयाने संगीतज्ञ मौलाबक्ष (१८३३–९६) यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली व शिकवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी वापरली. त्यांचे पुत्र अलाउद्दीन खाँ पठाण (मैहरचे अलाउद्दीन खाँ निराळे) लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले. पुढे शाळेची सूत्रे काही काळ फ्रेडिलिस या युरोपीय बँडमास्तरांकडे होती. कमाटीबागेत बँडस्टँड अजून आहे.

भारतीय जॅझ ट्रम्पेटवादक संस्थानी बँडांत घडले, असे एक मत. गोव्यातील चर्चच्या शाळांत घडले, असे दुसरे. हळदोण्याचे चिक चॉकलेट (अंतोनियो झेवियर वाझ, १९१६–६७) अशाच शाळेत स्वरलेखन वाचायला शिकले, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड गाजला आणि सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतातही त्यांचा हात होता. त्यावरून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात गोव्याचेच वादक संस्थानी बँडांत भरती होत, त्यामुळे दोन्ही मतांत फार अंतर उरत नाही. खुद्द लुई आर्मस्ट्राँगही न्यू ऑर्लिन्सच्या मुलांच्या सुधारगृहातील बँडमध्ये कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्या आखूड वाद्यावर तयार झाला; ट्रम्पेट त्याने नंतर हाती घेतले.

विलीनीकरणानंतर (१९४९) गायनशाळा महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली. ट्रम्पेट मात्र मुख्यतः वरातीच्या बँडमध्ये राहिले.