विद्यार्थी-शिक्षक प्रमाण (प्राथमिक शाळा)

शाळेच्या पटावरील मुलांना कार्यरत शिक्षकांच्या संख्येने भागले की विद्यार्थी-शिक्षक प्रमाण मिळते. वर्गाचा आकार ही वेगळी गोष्ट आहे: एका वेळी एका शिक्षकासमोर किती मुले बसली आहेत आणि ती किती इयत्तांची आहेत. या दोहोंची गल्लत फार होते. पहिली ते पाचवीच्या द्विशिक्षकी शाळेत ६० मुले असली तर प्रमाण ३०:१ भरते. कागदावर ते चांगले दिसते. प्रत्यक्षात एकाकडे दोन, दुसऱ्याकडे तीन इयत्तांचा जोडवर्ग असतो. तिसरीला भागाकार समजावून सांगेपर्यंत चौथी फळ्यावरचे उतरवून घेते आणि पाचवी नुसती बसून राहते. त्यात एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्यासमोर साठच्या साठ.

शिक्षण हक्क कायदा २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) पहिली ते पाचवीसाठी पट ६० पर्यंत असल्यास २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ आणि १२१ ते २०० ला ५ शिक्षक ठरवतो. १५० च्या वर मुख्याध्यापक वेगळा, आणि २०० च्या वर मुख्याध्यापक सोडून प्रमाण ४०:१ पेक्षा जास्त नको. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सर्वत्र ३०:१ च्या आत आणि वंचित मुले जास्त असलेल्या भागांत २५:१ च्या आत प्रमाण ठेवण्यास सांगते.

लहान वर्गाचा खरा फायदा पहिली-दुसरीत दिसतो. मूल ‘कमळ’ वाचते तेव्हा ते अक्षरे वाचते आहे की चित्र पाहून सांगते आहे, हे चित्रावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. हात ठेवला आणि मूल ‘ळ’ वर अडखळले, तर काम तिथे सुरू होते. एका मुलाला तीन मिनिटे धरली तरी ४० मुलांना दोन तास लागतात, २० मुलांना एक. चाळिसांच्या वर्गात हे रोज होऊ शकत नाही. मग शिक्षक समूहवाचन घेतो आणि अडखळणारे मूल इतरांच्या आवाजात लपते.

अमेरिकेत टेनेसी राज्याने १९८५ पासून चार वर्षे ‘स्टार’ हा प्रयोग केला. बालवर्ग ते तिसरीची मुले सोडत पद्धतीने १३ ते १७ च्या लहान आणि २२ ते २५ च्या नेहमीच्या वर्गांत वाटली. लहान वर्गांतली मुले वाचन-गणितात पुढे गेली आणि फायदा गरीब व कृष्णवर्णीय मुलांना जास्त झाला. मोठ्या वर्गाला नुसता मदतनीस देऊन तसा फरक पडला नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग वीस मुलांवर आणले, पण एकदम इतके प्रशिक्षित शिक्षक मिळेनात. चांगल्या वस्त्यांत नव्या जागा निघाल्याने गरीब वस्त्यांतले अनुभवी शिक्षक तिकडे गेले.

महाराष्ट्रात पदे ठरतात संचमान्यतेने, म्हणजे प्रत्येक शाळेला पटानुसार शिक्षकपदे मंजूर करण्याच्या सरकारी प्रक्रियेने. ती ३० सप्टेंबरच्या पटावर बेतलेली असते. त्यात ऑनलाइन नोंदीतले मुलाचे नाव आधार कार्डाशी जुळते का, हे पाहिले जाते, म्हणून नावातल्या एका अक्षराच्या फरकाने वर्गात रोज बसणारे मूल मोजणीतून सुटू शकते. ६१ चा पट ६० वर आला तर तिसरे पद जाते, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनात दुसरीकडे पाठवला जातो. ऊसतोड कुटुंबे तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यांची मुले मोजली जातात गावात आणि हंगामात ज्या शाळेत जाऊन बसतात, तिथे त्यांच्यासाठी पद नसते.

शिक्षकाची कदर सत्कारात नाही, त्याच्या वेळेत आणि पगारात मोजावी. शिक्षण हक्क कायद्याने आठवड्याला पूर्वतयारीसह ४५ तास धरले आहेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामाला बंदी आहे. तरीही मतदार यादीचे काम, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत शाळेचे तास जातात. २००० मध्ये सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत नव्या शिक्षकाला तीन वर्षे मानधनावर काम करावे लागते. प्राथमिकला ते सुरुवातीला दरमहा ३,००० रुपये होते, जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. डी.एड. आणि पात्रता परीक्षा पार केलेल्या माणसाला हे कमीच आहे.

मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त रिक्त राहू नयेत, असेही कायदा सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी सप्टेंबर उजाडण्यापूर्वी हजेरीपट आणि ऑनलाइन नोंदीतली नावे ताडून पाहावीत, आधारमधल्या चुका दुरुस्त करून घ्याव्यात आणि मंजूर व कार्यरत पदांतला फरक ठरावात लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. संचमान्यता निघाल्यावर केलेली दुरुस्ती त्या वर्षाच्या मुलांना क्वचितच उपयोगी पडते.