पहिल्या तीन महिन्यांतला बीपी

ठाण्यात, कळव्यात, तुर्भ्यात पाळी चुकली की बायका आधी मेडिकलमधून चाचणीची पट्टी आणतात. मग गल्लीतला डॉक्टर, मग खासगी सोनोग्राफी. प्रसूतीसाठी पालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदवायला जाईपर्यंत अनेकींना पाचवा महिना लागलेला असतो. ‘तीन महिने झाल्याशिवाय बोलायचं नाही’ या रीतीचाही त्यात हात आहे. शेजारपाजारी नका सांगू, पण आरोग्य केंद्रात 12 आठवड्यांच्या आत नाव गेलंच पाहिजे.

त्याचं सर्वांत मोठं कारण बीपी. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडा उतरतो आणि शेवटी पुन्हा मूळ पातळीकडे येतो. समजा, एखादीचा बीपी आधीपासूनच 142/92 आहे. ती विसाव्या आठवड्यात पहिल्यांदा आली तर कार्डावर 126/80 लिहिलं जाईल आणि सगळं ठीक वाटेल. चौतिसाव्या आठवड्यात 144/94 दिसला की डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो: हा जुना बीपी की गरोदरपणामुळे नव्याने चढलेला, ज्यात आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो? लघवीतलं प्रोटीन आणि रक्ततपासणी मदतीला येतात, पण सुरुवातीचा एक आकडा हाताशी असता तर उत्तर खूप सोपं झालं असतं.

तो आकडाही नीट घेतलेला हवा. जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधून घेऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर. घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला आवळते आणि आकडा चुकतो; त्यापेक्षा सैल बाहीचा कुडता घालून जा.

प्रसूतीच्या तारखेचंही तसंच. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने काढलेलं गर्भाचं वय साधारण पाच ते सात दिवस इकडेतिकडे होतं; शेवटच्या तिमाहीत हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळी तारीख आली तरी पहिली तारीखच धरायची. तो पहिला रिपोर्ट हरवू नका.

फोलिक ॲसिडला तर याहून घाई आहे. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं. मूल हवं असं ठरलं की 400 मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी: 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, रोज एक, किमान 180 दिवस. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात जेमतेम चारातल्या एका आईने 180 दिवस गोळ्या घेतल्याचं आढळलं. गोळ्या मिळतात, पण पोटात जात नाहीत. मळमळतं, शौचाला खडा होतो, शौच काळी दिसली की घरचे घाबरतात. काळा रंग लोहाचा आहे, त्यात काळजीचं काही नाही. रात्री जेवणानंतर तासाभराने गोळी घेतली तर मळमळ कमी जाणवते. चहा किमान तासभर लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा जेवणासोबत घ्या, पण लोहाच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

साखरेच्या तपासणीला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत होते. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर उपचार लागतात. महापे-रबाळ्यात कंत्राटी कामावर असलेल्या बाईला हे दोन तास जड जातात, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती रक्त न देताच निघते. त्या दिवशी रजा आधीच सांगून ठेवावी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तो दिवस धरता आला तर उत्तम.

खरी तुटातूट सातव्या महिन्यात होते. ओटी भरली की पोरगी माहेरी, जव्हार किंवा साताऱ्याला, आणि रिपोर्ट ठाण्याच्या कपाटात. माहेरच्या डॉक्टरांना तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी काहीच माहीत नसतं. रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर 28व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये म्हणून) लागतं, ते नेमकं या प्रवासात निसटतं. निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि उरलेल्या गोळ्या एकाच पिशवीत घाला. आशाताईंना जायची तारीख सांगा, आणि माहेरी पोहोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या केंद्रात कार्ड दाखवा. थांबत नाही अशी डोकेदुखी, नजरेपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता 108ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.